पत्र्याच्या पलीकडचा त्सुमा

अठरा वर्षं मंगाले आणि त्सुमा पत्र्याआडून एकमेकांशी बोलत आले होते, आणि दोन माणसांत यापेक्षा चांगलं बोलणं होऊच शकत नाही असं मंगालेचं मत होतं. मत कसलं, हट्टच.

मोंबासातल्या चांगामवे भागात अथमान मालकाच्या आवारात बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या जात. ट्रकच्या चेसिसवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभा करायचा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. मंगाले बाहेर उभा राहून हवेच्या हातोड्याने रिव्हेटच्या डोक्यावर ठोकायचा, आणि त्सुमा आत, सांगाड्यात उकिडवा बसून, रिव्हेटच्या शेपटीला पोलादी ठोकळा दाबून धरायचा. मध्ये पत्रा. तोंड दिसायची सोय नाही, आणि त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात हाक मारणं म्हणजे निव्वळ घसा फोडणं. म्हणून त्सुमा ठोकळ्याने पत्र्यावर वाजवून सांगायचा. एकदा वाजलं की अजून ठोक. दोनदा, बसला. तीनदा, बिघडला, काढून टाक. ही खूण काही त्यांनी शोधलेली नव्हती, पण त्सुमाच्या टकटकीत मंगालेला याहून बरंच काही ऐकू यायचं. बायकोशी भांडून आला असला तर ती कोरडी वाजायची. जेवणाची वेळ जवळ आली की घाईची. आजारी असला तर मंगालेला ते त्याच्या बायकोच्या आधी कळायचं, असं मंगाले सगळ्या आवाराला सांगत फिरायचा.

दुपारी दोघं एकाच ताटातून जेवायचे. त्यात काही विशेष नाही, किनाऱ्यावर सगळेच जेवतात. पण मंगाले त्या ताटावर तिसऱ्याला बसू द्यायचा नाही. रंगारी काझुंगु एकदा सहज येऊन टेकला, तर मंगालेने माशाचा मधला तुकडा उचलून त्सुमाच्या बाजूला सरकवला आणि काझुंगुपुढे नुसतं माशाचं डोकं ठेवलं. काझुंगु समजायचं ते समजला.

आता खरं सांगायचं तर यांच्या गाड्या टिकत नसत. यात यांचा दोष नाही, खाऱ्या हवेचा आहे. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून बसले आणि मध्ये समुद्राची ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियम सडायला लागतं. पांढरी भुकटी होते, पत्रा फुगतो, रिव्हेटची डोकी एकेक करून उडतात. मालिंदीच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या पाच-सहा वर्षांत परत यायच्या, आणि मंगाले त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा. मग अथमानला पाच बसची मोठी ऑर्डर आली. गिऱ्हाईक म्हणालं, पहिली गाडी नव्या पद्धतीने बांधा, पत्रा आणि लोखंड यांच्यामध्ये गोंद घालून. ती आमच्या कसोटीला उतरली तर उरलेल्या चारही तशाच. नाही उतरली तर आमचा आग्रह नाही.

म्हणून अथमानने वाकेशोला आणलं. ती तैता डोंगरातली, तिशीची, अंगाने भक्कम. विमानतळाच्या दुरुस्ती-शेडमध्ये नऊ वर्षं तिने गोंदाचंच काम केलं होतं. पहिल्या दिवशी तिने सगळ्यांना गोळा करून समजावलं. गोंदाचा थर मध्ये राहिला की दोन धातू एकमेकांना लागत नाहीत, ओल शिरायला जागा उरत नाही. पण गोंद घट्ट व्हायला दिवस लागतो, आणि कडेला ओढ बसली की तो सोलून निघू शकतो. म्हणून रिव्हेटही हवेत.

"म्हणजे गोंदाला धरून ठेवायला आम्ही," मंगाले म्हणाला.

"तुम्हाला धरून ठेवायला गोंद, असंही म्हणता येईल, मिस्त्री," वाकेशो म्हणाली आणि हसली. काझुंगुही हसला. वाईट हे की त्सुमाही हसला.

"गोंद पाकिटाला लावतात," मंगाले म्हणाला. "बसला नाही लावत."

"विमानाला लावतात, तुम्हाला माहीत नाही?"

हे मंगालेला तीन दिवस सलत राहिलं.

खरी गोष्ट पुढेच होती. नव्या कामात रिव्हेट बाहेरूनच बसायचे, पॉप रिव्हेट, आत ठोकळा धरायला कुणी लागत नाही. तिकडे गोंदाला मात्र हात कमी पडत होते. लोखंड घासायचं, औषधाने पुसायचं, रंगाचं अस्तर मारायचं. अथमान म्हणाला, "त्सुमा, तू जा तिच्या हाताखाली."

त्सुमाने मंगालेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण चांगलं लांबवून पाहिलं.

"जा की," मंगाले म्हणाला. "मला काय विचारतोस? मी काय तुझा बाप आहे?"

त्सुमा गेला. मंगालेच्या मनात होतं की तो म्हणेल, मालक, मला इथेच राहू द्या. माणसाने असं म्हणायला नको का? अठरा वर्षांनंतर?

"तुझी सवत आली रे," काझुंगु ब्रश धुता धुता म्हणाला. "आणि तीही शिकलेली. आता तू चूल सांभाळ."

"तोंड सांभाळ तुझं."

"बघ, चिडतोय कसा! अरे, पहिलीला चिडायचा हक्क असतो. हक्काने चीड."

मंगाले चिडला, आणि चिडतच राहिला. त्याला हेवा वाटत होता. त्याने स्वतःपाशी त्याला दहा दुसरी नावं देऊन पाहिली, पण तो हेवाच होता, आणि तोही साधासुधा नाही, सकाळी चहाबरोबर सुरू होऊन संध्याकाळी घरी नेणाऱ्या मटाटू गाडीत बसेपर्यंत पुरणारा.

गोंद लावला की वीस मिनिटांत पत्रा चढवून सगळे रिव्हेट बसवायचे, नाहीतर गोंदाला साय धरते आणि तो चिकटत नाही. म्हणून वाकेशो घड्याळ बघून ओरडायची आणि मंगाले बाहेरच्या बाजूने एकटा, एकेक रिव्हेट भोकात घालून हत्याराचा दांडा दाबत जायचा; रिव्हेट बसला की त्याचा मधला खिळा तुटायचा. टक्, तुटला. टक्, तुटला. पलीकडून कोणी काही सांगायचं नाही, सांगायला काही उरलंच नव्हतं. आतून ऐकू यायचं ते या दोघांचं बोलणं. त्सुमा, जो दिवसाला दहा शब्द बोलायचा, तो आता सारखा बोलत होता. आपल्या सासूची गोष्ट सांगत होता. मंगालेला ती सासू माहीत होती, तिचं नाव माहीत होतं, पण ही गोष्ट त्याने कधी ऐकलेली नव्हती.

"मग काय झालं, काका?" वाकेशो विचारायची. ती त्सुमाला काका म्हणायची आणि मंगालेला मिस्त्री. मंगालेला मिस्त्रीच म्हणून घ्यायचं होतं, पण त्सुमा काका कशासाठी?

एकदा त्याने विचारलंच. संध्याकाळी फाटकापाशी त्सुमाला गाठून म्हणाला, "फार गप्पा चालतात हल्ली."

"काम बसून असतं. बोलता येतं," त्सुमा म्हणाला.

"माझ्याशी बोलायला तुला काही अडचण होती?"

त्सुमाने जरा विचार केला. "तुझ्याशी? तुझ्याशी ऐकूच कुठे यायचं?" असं म्हणून तो हसला, आणि मंगालेला त्या हसण्यात वाकेशोचं हसणं दिसलं. तो तसाच रस्ता ओलांडून गेला.

पहिल्या बसचं शेवटचं काम दाराशेजारचं होतं. तिथे हातभर रुंद लोखंडी पाटी होती, तिच्यावर पत्र्याचा शेवटचा तुकडा बसायचा होता. त्सुमाने सकाळी ती घासली, पुसली, अस्तर मारलं आणि वर स्वच्छ कागद टांगून ठेवला. वाकेशोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की पुसलेल्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही. हाताला तेल असतं, घाम असतो, आणि गोंद तेलाला धरत नाही.

त्या दुपारी मंगाले फाटकाबाहेर जाऊन पिठात बुडवून तळलेले बटाटे घेऊन आला. दोघांपुरते. हल्ली त्सुमा जेवायला उशिरा यायचा, हात धुण्यातच त्याचा वेळ जायचा. मंगाले कागदाचा पुडा उघडून बसून राहिला. तेल कागदातून ओघळून त्याच्या तळव्यावर आलं. शेवटी तो उठला आणि शोधायला गेला.

बदामाच्या झाडाखाली त्सुमा आणि वाकेशो एका ताटातून जेवत होते. नारळाच्या रसातली तूर, भात आणि मासा. वाकेशो काहीतरी सांगत होती आणि बोलता बोलता माशाचा काटा काढून तुकडा त्सुमाच्या बाजूला सरकवत होती. त्सुमा खाली बघून खात होता, घरच्यासारखा.

मंगाले तिथून मागे फिरला. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. बस समोर होती, आत कुणी नव्हतं. दाराच्या पायरीवर चढून, कागद बाजूला करून त्याने ती पाटी पाहिली. राखाडी, कोरडी, तान्ह्या पोराच्या कपाळासारखी स्वच्छ. त्सुमाने आपल्या ठोकळ्याची कधी एवढी निगा राखली नव्हती. मंगालेने खालच्या कडेने तेलकट बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मध्ये आपला पंजा टेकवला आणि दाबला. बाहेर पावलं वाजली तसा त्याने कागद सोडला आणि तो खाली उतरला.

तेव्हा त्याच्या मनात काय होतं? गाडी कसोटीला उतरू नये, चार गाड्या जुन्या पद्धतीने व्हाव्यात आणि त्सुमा परत यावा. एवढंच होतं. लोखंड पुसण्याचं काम त्सुमाचं आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. हेव्याने भरलेल्या माणसाला फार दूरचं दिसत नाही, आणि हे तर दूरचंही नव्हतं.

अर्ध्या तासाने वाकेशो ओरडली, "लावला! वीस मिनिटं!" आणि मंगालेने त्या पाटीवर आपले रिव्हेट घातले. सरळ रांगेत, सारख्या अंतरावर. त्यात मात्र त्याने काही लबाडी केली नाही, हात वळलाच नसता.

आठवड्याने कसोटी झाली. गाडीत वाळूची पोती भरून ती माझेरास गावाच्या पलीकडे कच्च्या रस्त्यावर दोन दिवस आपटवली, मग आवारात आणून पंपाने पाण्याचा मारा केला. गिऱ्हाइकाचा माणूस आत बसून होता. बाकी सगळी गाडी कोरडी ठणठणीत. दाराशेजारी मात्र खालून पाण्याची धार आली आणि त्याच्या बुटात गेली.

वाकेशोने त्या पत्र्यावर बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. सगळीकडे भरीव, तिथेच पोकळ. तिने रिव्हेट काढायला सांगितले. मंगालेनेच ते ड्रिल मारून काढले, आणि पत्रा सोलून निघाला.

राखाडी गोंद फाटून अर्धा पाटीवर, अर्धा पत्र्यावर राहिला होता, राहायला हवा तसा. खालच्या कडेला मात्र पट्टाच्या पट्टा कोरा. आणि मधोमध एक पंजा, पाच बोटांचा, इतका स्पष्ट की काझुंगु म्हणाला, "याला शाई लावली तर याच्यावर कर्ज मिळेल!"

अथमान लालबुंद झाला. "कोणाचा हात आहे हा?"

मंगालेने दोन्ही हात खिशात घातले होते, केव्हा ते त्याचं त्याला कळलं नाही. आता बोलावं लागणार असं त्याला वाटलं.

त्सुमा पुढे आला. त्याने त्या पंजाकडे पाहिलं. मंगालेकडे पाहिलं नाही, मुद्दाम पाहिलं नाही. मग तो त्या पाटीपुढे असा उभा राहिला की ती झाकली गेली, आणि म्हणाला, "माझा आहे, मालक. हातमोजे काढले होते. गरम होत होतं."

"तुला हजारदा सांगितलेलं!"

"सांगितलं होतं."

वाकेशो तोंड उघडायला गेली. त्सुमाने तिच्याकडे पाहिलं आणि तिने ते मिटलं.

गिऱ्हाइकाचा माणूस बुटातलं पाणी झटकत निघून गेला. अथमानने दुपारपर्यंत फोनवर त्याची मनधरणी केली, शेवटी थकून म्हणाला, "राहू दे. चार गाड्या जुन्या पद्धतीने. त्सुमा, ठोकळा उचल. तुला गोंदाच्या जवळ फिरकू द्यायचं नाही. आणि वाकेशो, शनिवारपर्यंत सामान बांध बाई, माझा इलाज नाही."

म्हणजे मंगालेला जे जे हवं होतं ते सगळं एका दुपारी मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हवेचा हातोडा उचलला, पत्र्याला लावला आणि ठोकला. पलीकडून टकटक आली. दोनदा. बसला. तो खूश झाला, हे लपवण्यात काही अर्थ नाही. थोडी लाज होती, पण खुशी जास्त होती. काल रात्रीपासून घोकून ठेवलेलं, 'तू माझ्यासाठी हे का केलंस', ते त्याने विचारलं नाही. आपल्यासाठीच केलं, हे त्याला कळत होतं, आणि त्यात त्याला एक वाईट प्रकारचं सुख होतं. शेवटी त्सुमा कोणाचा? तिच्यासाठी त्याने काही केलं? तिला तर शनिवारी घालवलं जात होतं!

पण ती टकटक विचित्र येत होती. उशिरा यायची. कधी दोनदा वाजायची पण दुसरी अर्धवट, घसरल्यासारखी. दहानंतर तर एका रिव्हेटला काही आलंच नाही आणि ठोकळा खाली पडल्याचा आवाज आला. मंगालेला राग आला. मनात नसल्यावर असंच होणार, त्याने स्वतःला सांगितलं.

चहाच्या वेळी दोघं चाकाला टेकून बसले. मंगालेने दोन कप आणले. त्सुमाने कप घेतला नाही. खाली ठेव म्हणाला. मग दोन्ही मनगटांमध्ये धरून, बोटं लावल्याशिवाय, तो कप तोंडापर्यंत नेला. मंगाले बघत राहिला.

"हे काय?"

"काही नाही. दुपारपर्यंत येतात."

"काय येतात?"

"बोटं," त्सुमा म्हणाला. त्याची बोटं पांढुरकी पडली होती, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी. "ठोकळ्याने होतं. हादऱ्याने. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. शर्टाची बटणं बायको लावते."

"केव्हापासून?"

"चार वर्षं झाली असतील."

"चार वर्षं!" मंगाले ओरडलाच. "आणि मला सांगितलं नाहीस? मला? माझ्याशिवाय कोण होतं तुझं इथे?"

"सांगून काय? तू दुसऱ्याला ठोकळा दिला असतास. आणि कुठे सांगू? तू पत्र्याच्या त्या बाजूला." त्सुमाने कप परत मनगटांनीच खाली ठेवला. "दुपारी ताटावर मी चार वर्षं डाव्या हाताने उजवा हात धरून जेवतोय. तू बघायचास ना?"

मंगाले बघायचा. ताटाकडे बघायचा, माशाच्या तुकड्याकडे बघायचा, तिसरं कोणी येत नाही ना, हे बघायचा.

"आणि तिला?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "तिला सांगितलंस?"

"तिला सांगावं नाही लागलं. तिने पहिल्याच दिवशी विचारलं. काका, हात दुखतात का म्हणाली. म्हणून तर पुसायचं काम दिलं. माशाचा काटा काढून द्यायची."

पहिल्याच दिवशी! काही काळ मंगालेला त्सुमाच्या बोटांचंसुद्धा वाईट वाटलं नाही, फक्त हेच वाटत राहिलं की तिला दिसलं आणि मला नाही. अठरा वर्षं मी त्याच्या टकटकीतून त्याच्या घरातली भांडणं ऐकत होतो म्हणे. कसला ऐकत होतो!

त्सुमा उठला आणि सांगाड्यात शिरायला लागला. नळीला धरायला गेला तर बोटं वळेनात, म्हणून त्याने कोपर अडकवून स्वतःला आत ओढलं. एवढं बघितल्यावर मंगालेने हातोडा खाली ठेवला. मन मोठं झालं वगैरे काही नाही. जे तिला पहिल्या दिवशी दिसलं ते आपल्याला दिसल्यावरही आपण ठोकत राहिलो, असं कुणी म्हणू नये, विशेषतः तिने म्हणू नये, म्हणून तो निघाला.

अथमान सावलीत बसून कोणाशी तरी फोनवर भांडत होता. वाकेशो शेजारी आपल्या पिचकाऱ्या आणि ब्रश खोक्यात भरत होती. सोललेली पाटी गाडीतून काढून तिथेच भिंतीला टेकवून ठेवली होती.

"मालक, तो हात माझा आहे," मंगाले म्हणाला.

अथमानने फोन बाजूला घेतला. "कोणता हात?"

"तो. पंजा. मी मुद्दाम लावला. बटाट्याचं तेल होतं."

अथमान त्याच्याकडे बघून चक्क हसला. "वा! काल तो म्हणाला माझा, आज तू म्हणतोस माझा. जिवलग मित्र! जा बाबा, कामाला लाग. मित्राचा दोष अंगावर ओढून घ्यायला आलाय."

"अहो, माझाच आहे!"

"अरे, जा म्हणतो ना!"

शेवटी मंगाले त्या पाटीपाशी गेला आणि आपला पंजा त्या पंजावर ठेवला. बोटावर बोट, तंतोतंत. अथमानचं हसू गेलं. त्याने फोन बंद केला. मग त्याने जे तोंड सोडलं ते फाटकाबाहेरच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं. मंगालेने सगळं ऐकून घेतलं. त्यातलं बरंचसं खरं होतं.

वाकेशो मात्र खोकं भरत होती तशीच भरत राहिली. तिला धक्का बसला नव्हता.

"तुला काही वाटत नाही?" मंगालेने तिला विचारलं. "शनिवारी जाणार होतीस तू."

"मला त्याच दिवशी कळलं होतं, मिस्त्री," ती म्हणाली. "काकांचा हात केवढासा आहे. हा तुमचा म्हणजे फावडं आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"काकांनी शपथ घातली. म्हणाले, त्याला दुसरं काही येत नाही, हाकलला तर कुठे जाईल? मी म्हटलं, मला विमानतळावर परत घेतील, माझं काही अडत नाही. मग आम्ही ठरवलं, नाही सांगायचं."

आम्ही ठरवलं. मंगाले इथे येताना वाटेत थोडा ताठ चालला होता. वाटलं होतं, निदान हे तरी आपण एकट्याने त्सुमाला देतोय. आणि हे दोघं बदामाच्या झाडाखाली बसून, एका ताटावर, त्याला सांभाळायचं ठरवून मोकळे झाले होते, एखाद्या व्रात्य पोराचं ठरवावं तसं! ओरडाआरड्यात त्याला एवढं झोंबलं नव्हतं. हे झोंबलं.

अथमानने गिऱ्हाइकाला पुन्हा बोलावलं, खरं काय ते सांगितलं, ती पाटी नव्याने बसवून दाखवली. त्या माणसाने आपले बूट काढून बाहेर ठेवले आणि आत बसला. पाण्याचा थेंब आला नाही. चारही गाड्या गोंद आणि रिव्हेट दोन्ही घालून करायचं ठरलं. वाकेशो राहिली. त्सुमाला परत गोंदावर घेतलं.

मंगालेलाही अथमानने हाकललं नाही. वीस मिनिटांत साठ रिव्हेट सरळ रेषेत बसवणारा दुसरा माणूस त्याला मोंबासाभर मिळाला नसता, आणि तो हे जाणून होता. "पण एक सांगतो," अथमान म्हणाला, "लोखंड साफ ठेवायची जबाबदारी त्सुमाची. रोज कामाला लागायच्या आधी तू त्याला हात दाखवायचे. त्याने हो म्हटल्याशिवाय गाडीला शिवायचं नाही. दाखवशील ना?"

"दाखवीन."

पुढच्या सोमवारी सकाळी दुसऱ्या गाडीपाशी मंगाले साबणाने हात धुऊन उभा राहिला. दोनदा धुतले होते, नखं काढली होती. काझुंगु रंगाचा डबा खाली ठेवून बघत होता.

त्सुमा गाडीतून उतरला. "दाखव," म्हणाला.

मंगालेने तळवे पुढे केले. त्सुमाने ते आपल्या हातात घेतले. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांचा हात असा कधी धरला नव्हता, सणालासुद्धा नाही. त्सुमाने अंगठा तळव्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग बोटांच्या पेरांनी चोळून पाहिलं, मनगटापासून बोटांपर्यंत, एकदा या हाताला, एकदा त्या. फार वेळ लागत होता. मुद्दाम लावतोय, लावू दे, मंगालेला वाटलं. मग त्याने त्सुमाच्या तोंडाकडे पाहिलं, तेव्हा त्याला कळलं. त्सुमाच्या बोटांना काही लागतच नव्हतं, ना तेल, ना कातडं, ना हात.

"स्वच्छ आहेत रे," मंगाले हळूच म्हणाला. "दोनदा धुतलेत. खरंच."

"तुझ्या शब्दावर नाही," त्सुमा म्हणाला. रागाने नाही. मग हात न सोडता त्याने मान वळवून हाक मारली, "वाकेशो! जरा ये गं इकडे. मला काही कळत नाही."

ती आली. तिने उजव्या हाताचा मोजा काढून काखेत धरला आणि आपलं बोट मंगालेच्या तळव्यावरून ओढलं, दोन्ही तळव्यांवरून, नीट. मंगाले हात पुढे करून उभा राहिला.

"चालतील," ती त्सुमाला म्हणाली.